मागच्या बाकावरून उठा

दर जूनला पाचवीत आलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना नव्या शाळेची ओळख करून देतात. गणवेश, वेळ, कागदपत्रं सांगून होतात आणि पालक मान डोलावून घरी जातात. धाकट्या बहिणीच्या वेळी मी अम्मीला घेऊन गेलो होतो. सटाण्यातले आमच्या मोहल्ल्याचे पालक मागच्या बाकांवर. अम्मीला एकच विचारायचं होतं : चौथीपर्यंत उर्दूत शिकलेल्या मुलीला मराठीतलं गणित समजेपर्यंत मदत कोण करणार? मराठी अडखळेल, लोक हसतील म्हणून ती गप्प राहिली.

हा संकोच आपल्याला महाग पडतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देते, हे खरं. पण सल्ला द्यायलाही तिथे बसावं लागतं.

"आम्ही शिकलेलो नाही, काय बोलणार?" असं म्हणतात. कायदा पालकाची पदवी विचारत नाही.

२०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, तेव्हा आपण व्हॉट्सॲपवर संतापलो. संताप रास्तच होता. पण समिती निवडायच्या सभेला आपल्यातले किती जण गेले?

मित्रांनो, यंदा अम्मीला सोबत न्या, पुढच्या बाकावर बसवा. प्रश्न मोडक्या मराठीत असला तरी चालेल. उत्तर मात्र पक्कं मागा.