फोन आपला, कुलूप त्यांचं

सेटिंग्जमध्ये जाऊन 'अपडेट शोधा' यावर बोट ठेवलं की फोन क्षणभर विचार करतो, एक गोल फिरवतो आणि छातीठोकपणे सांगतो, "तुमची सिस्टम अप टू डेट आहे." आणि त्याच स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : सिक्युरिटी पॅच, ऑक्टोबर २०२१. म्हणजे २०२१ चं कालनिर्णय भिंतीवर टांगायचं आणि आज एकादशी आहे का ते त्यात बघायचं, त्यातला प्रकार.

हा फोन २०१९ च्या दिवाळीत घेतलेला. बॅटरी एकदा बदलली, बाकी ठणठणीत. घेताना कंपनीने सांगितलं होतं की अँड्रॉइडच्या पुढच्या दोन आवृत्त्या नक्की मिळतील. पहिली मिळाली, पण जगात तिच्या पुढची येऊन गेल्यावर. दुसरी 'टप्प्याटप्प्याने' येणार होती. तो टप्पा काही आमच्या गल्लीपर्यंत पोचला नाही. कस्टमर केअरला विचारलं की अगदी नम्र उत्तर यायचं, "लवकरच, सर." 'लवकरच' या शब्दाला तारीख नसते हे त्या लोकांनी फार आधी ओळखलेलं दिसतं.

उशीर का होतो, याला तांत्रिक कारणं आहेत, नाही असं नाही. गूगल नवीन आवृत्तीचा कोड देतं. मग चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या चिपसाठी त्या आवृत्तीचे ड्रायव्हर द्यायचे. मग फोनवाल्यांनी त्यावर आपली रंगरंगोटी चढवायची, तपासायचं आणि पाठवायचं. चिपवाल्यांनी 'ही चिप आता जुनी झाली' म्हणून हात वर केले की फोनवाल्यांना आयतंच कारण मिळतं. ही साखळी सुटी करावी म्हणून गूगलने २०१७ मध्ये, अँड्रॉइड ८ च्या वेळी, 'प्रोजेक्ट ट्रेबल' आणलं. त्याने थोडा फरक पडला. पण मूळ दुखणं तांत्रिक नाहीच हो. फोन एकदा विकला की त्याच्या अपडेटचे पैसे कंपनीला कुणी देत नाही, आणि जुना फोन नीट चालत राहिला तर नवा विकत कोण घेणार?

याचा नमुना म्हणजे सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी एस. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीने सांगून टाकलं की याला अँड्रॉइड ४ मिळणार नाही, मेमरी पुरत नाही. कंपनीची सजावट धरून पुरत नव्हती, हे खरं असेल. पण हौशी मंडळींनी सजावट काढून टाकली आणि त्याच फोनवर अँड्रॉइड ४ चालवून दाखवलं. हे कुणाच्या पगारात बसणारं काम नव्हतं. रात्री जागून, फुकट केलेलं!

या मंडळींचा इतिहास आपल्या संयुक्त कुटुंबांसारखाच आहे. स्टीव्ह कॉन्डिक नावाच्या माणसाने २००९ मध्ये 'सायनोजेनमॉड' सुरू केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात गूगलची नोटीस आली, की आमची जीमेल, मॅप्स वगैरे अ‍ॅप्स परस्पर वाटू नका. तेव्हापासून ती अ‍ॅप्स वेगळी टाकायची पद्धत पडली, ती आजही आहे. मग २०१३ मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली. २०१४ च्या डिसेंबरात तर भारतात सायनोजेन कुणाचं, यावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात भांडले. आणि २०१६ च्या अखेरीला कंपनीने दुकानच बंद केलं. स्वयंसेवकांनी भांडीकुंडी उचलली, 'लिनिएजओएस' नावाने वेगळी चूल मांडली, आणि ती अजून पेटती आहे.

तर मी तेच टाकलं. आधी बूटलोडरचं कुलूप उघडायचं (हे करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं), मग रिकव्हरी, मग कॉम्प्युटरला केबल लावून नवीन सिस्टम. मध्येच काही चुकलं तर फोनची 'वीट' होते, असं या जगात म्हणतात. वीट म्हटलं की आपल्याला पंढरपूरच आठवतं, पण ही वीट पावत नाही :-) सुदैवाने तासाभरात फोन उठून बसला आणि कालनिर्णय एकदम चालू महिन्यावर आलं.

इथपर्यंत आनंदीआनंद. मग बँकेचं अ‍ॅप उघडलं.

अ‍ॅप म्हणालं, तुमचा फोन सुरक्षित नाही, सबब सेवा देता येत नाही. आता गंमत बघा. ऑक्टोबर २०२१ नंतर सापडलेली सगळी भोकं उघडी असताना हेच अ‍ॅप त्याच फोनवर गुण्यागोविंदाने चालत होतं. भोकं बुजवल्यावर ते घाबरलं! कारण ते अ‍ॅप फोन किती ताजा आहे ते बघत नाही, बूटलोडरला कंपनीचंच कुलूप आहे का ते बघतं. ही तपासणी गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी'मार्फत होते. २०२५ पासून तिच्या सर्वात वरच्या दर्जासाठी वर्षभरातलं सिक्युरिटी अपडेट लागतं खरं, पण ते अँड्रॉइड १३ पासून पुढच्या फोनना. जुन्यांना कुणी विचारत नाही. वाड्याच्या भिंतीला भगदाड पडलं तरी चालेल, दिंडीदरवाजाची किल्ली मात्र आमच्याचकडे हवी.

आता दुसरी बाजू. उघडा बूटलोडर हा धोका आहेच. फोन चोराच्या हाती लागला तर तो त्यात हवं ते भरू शकतो. शिवाय मॉडेमसारख्या भागांची बंद सॉफ्टवेअर्स कंपनीचीच असतात, ती स्वयंसेवकांना दुरुस्त करता येत नाहीत. लिनिएज हे लपवत नाही. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडची तारीख वेगळी आणि कंपनीच्या भागांची तारीख वेगळी दाखवतं. माझ्या फोनवर दुसरी तारीख अजून २०२१ चीच आहे. हा प्रामाणिकपणा मला त्या 'अप टू डेट'पेक्षा बरा वाटतो. बँकेच्या अ‍ॅपला चकवायच्या युक्त्याही आहेत, पण आपल्याच पैशासाठी आपल्याच बँकेत वेषांतर करून जायचं हे मला पटत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आपल्याकडे फोन शाळेच्या पुस्तकांसारखे खाली उतरतात. फरक एवढाच, की पुस्तकं धाकट्यांकडे जातात आणि फोन थोरल्यांकडे. माझा बाबांकडे, बाबांचा आत्याकडे. म्हणजे ज्यांची पेन्शन फोनवर येते, ज्यांना 'केवायसी संपलंय' म्हणून रोज कुणीतरी फोन करतं, त्यांच्याच हातात सगळ्यात शिळा फोन असतो. आणि त्यांचं बँकेचं अ‍ॅप चकार शब्द काढत नाही.

पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये आणि गॅलेक्सी एस२४ ला २०२४ मध्ये सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल झालंय. पण तेवढे पैसे फोनला घालणारी माणसं आमच्या घरात कमीच. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं त्याला अपडेट मिळालं पाहिजे. इथे दुधाच्या पिशवीवर तारीख छापावी लागते, मग पंधरा हजारांच्या फोनच्या खोक्यावर 'अपडेट अमुक महिन्यापर्यंत' एवढं छापायला काय हरकत आहे? आणि मुदत संपल्यावर कंपनीने किल्ली तरी द्यावी, आणि ती वापरणाऱ्याला बँकेने चोर समजू नये.

तूर्त बाबांच्या बँकेसाठी एक नवा स्वस्त फोन घेतलाय. माझा जुना आता त्यांच्याकडे आहे, त्यावर ते नाट्यगीतं ऐकतात आणि नातवाशी बोलतात. आत्याचा फोनही करून द्यायचाय. (आत्या, वाचत असशील तर आधी तुझे चारधामचे फोटो उतरवून घे. सगळं पुसलं जाईल.)