जलपऱ्या गेल्या, जलपर्णी आली!

परी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पांढरा झगा, पाठीला पंख, हातात चमचमणारी कांडी. पण मित्रांनो, ही परी आपली नव्हे, ती पुस्तकांतून आणि कार्टूनमधून आली. आपल्याकडच्या पऱ्यांना पंख नाहीत. त्या पाण्यात राहतात, सात जणी मिळून राहतात आणि त्यांना सातीआसरा म्हणतात. 'अप्सरा' या शब्दाचंच हे बोलीतलं रूप. विहिरीच्या काठी किंवा ओढ्याच्या वळणावर शेंदूर लावलेले सात दगड दिसले की समजायचं, इथे आसरांचं ठाणं आहे. "भर दुपारी विहिरीवर जाऊ नको, आसरा ओढून नेतील," हे ज्याने लहानपणी ऐकलं नाही तो सोलापूर जिल्ह्यातला नव्हेच!

आता त्यांची परंपरेने सांगितली जाणारी नावं बघा. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. म्हणजे मासळी, कासवी, खेकडी, बेडकी, मगरी! सातांपैकी पाच जणी सरळ पाण्यातले जीव आहेत. माझ्या मते या नावांतच सगळं सांगून ठेवलंय. पाण्यात जीव आहे तोवर पऱ्या आहेत.

आणि आपलं शहर तरी कुठे साधं आहे? बाराव्या शतकात इथे सोन्नलगी नावाचं गाव होतं. सिद्धरामेश्वरांनी गावात ६८ लिंगं स्थापली, तलाव खोदवला. कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह झाला म्हणतात. दर संक्रांतीला आपण सात नंदीध्वज काढून तोच सोहळा करतो. विचार करा, गावाच्या कथेच्या मधोमध एक तलाव आहे. कथा आपण नऊशे वर्षं जपली. आणि तलाव?

सिद्धेश्वर तलावात मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्या आपण एकदा नव्हे, अनेकदा वाचल्या आहेत. कारण काही गूढ नाही. निर्माल्य, सांडपाणी, साबणाचं पाणी यांतून खतासारखी द्रव्यं तलावात जातात, शेवाळ माजतं, रात्री ते पाण्यातला प्राणवायू ओढतं आणि पहाटेपर्यंत मासे गुदमरतात. तिकडे कंबर तलाव, म्हणजे आताचा संभाजी तलाव, जलपर्णीने पुन्हा पुन्हा झाकला गेला. जलपऱ्या गेल्या आणि जलपर्णी आली, दुसरं काय!

मी भवानी पेठेत राहतो. यंत्रमागाची खटखट ऐकत आमच्याकडची पोरं अभ्यास करतात आणि नळाच्या वेळेनुसार झोपतात. तीन दिवसांआड, चार दिवसांआड, कधी त्याहून उशिरा पाणी यायचं हे आम्ही वर्षानुवर्षं पाहिलंय. पाणी आलं की रात्रीचे दोन असोत, अख्खी गल्ली जागी. दारात पिंपं, जिन्यात घागरी, गच्चीवर टाकी. तरीही तिसऱ्या दिवशी शेजारी बादली मागायला जावंच लागतं.

हे असं का झालं? सोलापूरने आधी गावातल्या तलावाचं, विहिरींचं पाणी वापरलं. मग १८७१ च्या सुमारास आठेक किलोमीटरवर आदिला नदीवर एकरुखचा तलाव झाला. १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं आणि पुढे तिथून सुमारे ११० किलोमीटर नळाने पाणी आणलं गेलं. यात चूक काही नाही. एवढ्या मोठ्या शहराला हे लागणारच. चूक ही, की लांबचं पाणी आल्यावर आपण जवळचं सोडून दिलं. विहिरीला जाळी बसली, जाळीवर कचरा साठला. कित्येक ठिकाणी आसरांच्या दगडांना फरशी लागली, वर पत्रा आला, आणि शेजारची विहीर मात्र बुजली. म्हणजे परीला घर बांधून दिलं आणि तिचं पाणी काढून घेतलं!

कुणी म्हणेल, हा अंधश्रद्धेला खतपाणी घालतोय. अजिबात नाही. बुडालेल्या माणसाचा दोष आसरांवर टाकला की विहिरीला कठडा नव्हता हे कुणी विचारत नाही. आजारी बाईला 'आसरा लागल्या' म्हणून डॉक्टरऐवजी भगताकडे नेलं की तिचा जीव जातो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झाला नाही. ती भीती परत नकोच. पण पूर्वी प्रत्येक विहिरीला कुणीतरी मालकीण होती, मग ती कल्पनेतली का असेना. आपण मालकिणीला घालवलं आणि तिच्या जागी कुणालाच नेमलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

ही नेमणूक आपण करू शकतो. दा. ध. कोसंबी हे मूळचे गणिती, पण मावळातली मातृदेवतांची ठाणी त्यांनी पायी फिरून नोंदवली आणि १९६२ मध्ये 'मिथ अँड रिअॅलिटी' लिहिलं. आपण तर स्थापत्यवाले, सर्व्हे हा आपला विषयच! आसरांचा दगड म्हणजे जुन्या माणसांनी 'इथे पाणी आहे' म्हणून ठोकलेली खूण. आपल्या काळ्या पाषाणात बोअर लागेलच असं नाही, पण जुनी विहीर वरच्या मुरमातलं पाणी धरते आणि पावसात पुन्हा भरते. तेव्हा प्रत्येक पेठेतली अशी ठाणी नकाशावर आणूया. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याची पातळी मोजूया. प्रयोगशाळेत त्याच त्या बाटलीतल्या नमुन्याऐवजी या विहिरींचं पाणी तपासूया. पिण्याला नको, पण धुण्याभांड्याला, बागेला ते चाललं तरी नळावरचा किती भार उतरेल!

दोरी, टेप आणि चार रविवार. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत पुण्याला झेरॉक्स आणायला जाणाऱ्यांनो, विषय आपल्याच गल्लीत, जाळीखाली पडलाय. ज्या विहिरीत पुन्हा बेडूक ओरडेल, तिथे दर्दुरी परत आली असं मी खुशाल म्हणेन. बघा, पटतंय का!