जनुके तीच राहतात, त्यांचे काम बदलते

सोनोग्राफीच्या अहवालात शेवटी एक ओळ असते : ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ती वाचून बहुतेक घरांत दोन वाक्ये ऐकू येतात. ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ किंवा ‘आमच्या घराण्यातच आहे’. पुढे अहवाल फायलीत जातो आणि फाईल कपाटात.

यातले दुसरे वाक्य अर्धे खरे आहे. २००८ मध्ये अमेरिकेत डॅलस येथील संशोधकांनी ‘पीएनपीएलए३’ या जनुकाचा एक प्रकार दाखवून दिला. तो ज्यांच्यात असतो त्यांच्या यकृतात चरबी जास्त साठते. भारतीयांमध्येही तो आढळतो. पण जनुक अंगात असणे वेगळे आणि ते किती काम करते हे वेगळे. पेशी कोणते जनुक किती वापरते, याला जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात आणि ती आपल्या वजनाप्रमाणे, खाण्याप्रमाणे बदलत असते.

लठ्ठपणात नेमके काय होते? इन्सुलिन यकृताला दोन निरोप देते : साखर बनवणे थांबव आणि चरबी बनव. पोटाचा घेर वाढला की यकृत पहिला निरोप नीट ऐकेनासे होते. स्वादुपिंड मग आणखी इन्सुलिन सोडते. दुसरा निरोप मात्र यकृत ऐकतच राहते. चरबी तयार करणारी जनुके त्यामुळे जोरात कामाला लागतात. गोड पेयांतली साखर त्यात भर घालते. पुढे सूज आली की व्रण तयार करणारी, कोलॅजेनची जनुकेही जागी होतात. यकृत कडक होण्याची सुरुवात इथे होते.

२००५ मधील एका छोट्या पण गाजलेल्या अभ्यासात अशा रुग्णांच्या यकृतातील चरबीचा उगम मोजला गेला. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यांतून आली होती, २६ टक्के यकृताने स्वतः बनवली होती आणि थेट जेवणातून आलेली केवळ १५ टक्के होती. चपातीवरचे तूप बंद करून दिवसाला चार कप गोड चहा पिणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

ही माहिती मिळवायला यकृताचा तुकडा काढावा लागतो. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अनेक रुग्णांनी तो देऊ केला, म्हणून आपल्याला इतके कळले. प्रत्येकाची अशी तपासणी शक्य नाही, गरजही नाही. जनुकीय चाचण्यांच्या महागड्या पॅकेजचीही सर्वसामान्यांना गरज नाही.

गरज आहे ती ‘फिब-४’ या साध्या गणिताची. वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट्स या चार आकड्यांवरून यकृतात व्रण असण्याची शक्यता किती, याचा अंदाज येतो. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर मोठ्या व्रणाची शक्यता कमी. जास्त आले तर पुढची तपासणी हवी. पस्तिशीच्या आत हे गणित फारसे भरवशाचे नाही आणि ६५ नंतर मर्यादा २ धरतात. साध्या सोनोग्राफीतून व्रणाचा नीट अंदाज येत नाही. एन्झाइम्स सामान्य असली तरी व्रण असू शकतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. मग प्रत्येक प्रयोगशाळेने हा आकडा अहवालावर छापायला काय हरकत आहे? रक्त तेच, खर्च शून्य.

वेळेत कळले तर उपयोग होतो. क्युबातील २९३ रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात ज्यांनी १० टक्के किंवा अधिक वजन घटवले, त्यांच्यापैकी ९० टक्के रुग्णांचा यकृतदाह निवळला आणि ४५ टक्क्यांचा व्रणही कमी झाला. मात्र इतके वजन दहातल्या एकालाच उतरवता आले. म्हणून ‘वजन कमी करा’ एवढे सांगून डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही. आहारतज्ज्ञाची मदत, नियमित पाठपुरावा आणि गरज असेल तिथे औषध हेही रुग्णाला मिळायला हवे.

कपाटातली ती फाईल या आठवड्यात बाहेर काढा. चार आकडे शोधा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा : माझा फिब-४ किती?