अल खफजीचा रस्ता आणि मागच्या सीटवरची पोरं

१९२२ च्या अखेरीस अल अहसाजवळच्या उकैर बंदरावर तंबू ठोकून नज्द (पुढचा सौदी अरेबिया), इराक आणि इंग्रज यांची माणसं सरहद्दीच्या वाटाघाटी करत बसली होती. कुवेतच्या वतीनंही इंग्रज अधिकारीच बोलत होता. अडचण अशी होती की ज्यांच्यासाठी सरहद्द आखायची, ती माणसं एका जागी राहतच नव्हती. पावसामागे, चाऱ्यामागे, विहिरींमागे त्यांची बिऱ्हाडं उंट, शेळ्या आणि कच्च्याबच्च्यांसकट हिंडत असत. शेवटी इंग्रजांच्या वतीनं आलेल्या सर पर्सी कॉक्स यांनी लाल पेन्सिल घेऊन नकाशावर रेघा ओढल्या, आणि कुवेत व नज्द यांच्यामधला एक तुकडा दोघांच्या सामाईक मालकीचा म्हणून सोडून दिला. दोन्हीकडच्या टोळ्यांना तिथं गुरं चारायला मोकळीक राहिली. आजचं सौदी अरेबियातलं अल खफजी हे गाव त्याच तुकड्यातलं. पुढे १९६५ मध्ये जमिनीच्या वाटणीचा करार झाला, तेल मात्र अजून निम्मंनिम्मं आहे.

म्हणजे या गावाचा नकाशाच मुळी मुलाबाळांना घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्या कुटुंबांच्या सोयीनं आखला गेला. त्याच गावातून आज एखादं मराठी कुटुंब शुक्रवारी पहाटे दम्मामकडे निघतं. तीनेकशे किलोमीटर, सरळ रस्ता, डावीकडे कुठेतरी समुद्र, उजवीकडे वाळू. पाऊण तासात मागून प्रश्न येतो, "बाबा, आलं का?" आणि पुढून हात मागे जातो, हातात मोबाइल. "बघू दे त्याला, बाहेर आहे काय बघण्यासारखं?"

आमचं भांडण मोबाइलशी नाही, या शेवटच्या वाक्याशी आहे.

प्रवासात मुलांची करमणूक करावी लागते ही कल्पना जुनी नाही. बेदुइन बिऱ्हाडात पोरांना कामं असत. कोकरं सांभाळायची, वाटेतली काटकी वेचायची, आणि समोरून येणारा उंट कोणाचा हे त्याच्या अंगावरच्या डागणीवरून ओळखायचं. प्रत्येक टोळीची डागणी वेगळी, आणि ती वाचता येणं ही जगण्याची गरज होती. उंटांच्या चालीवर म्हणायची गाणी असत, त्यांना हुदा म्हणतात. ती उंटाला चालवायला होती, पोरांना गप्प बसवायला नव्हे.

आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी सहा महिन्यांची असताना वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणली गेली, आणि तिथून पुढे तिचं बालपण रस्त्यावरच गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थातीर्थांवर पुराण सांगत. आई लक्ष्मीबाईंनी आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत मुलीला संस्कृत शिकवलं. शाळा नाही, घर नाही, हजारो मैलांची पायपीट आणि हजारो श्लोक पाठ. हे रम्य चित्र म्हणून मांडायचं नाही. उपासमार त्यांच्या सोबतीला होतीच, आणि १८७४ च्या सुमारास आईवडील दोघंही त्यात गेले. पण त्या मुलीला प्रवासात कंटाळा येऊ नये म्हणून कोणी काही केलं नव्हतं. चालणं, ऐकणं आणि पाठ करणं हाच तिचा दिवस होता.

आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्यांवर भांड्यांच्या आणि बोचक्यांच्या वर पोरं बसलेली असतात. त्यांच्या करमणुकीवर कोणी लेख लिहीत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

करमणुकीचा प्रश्न आला तो वेगाबरोबर. बैलगाडीत पोर उतरून चालू शकत होतं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून पुढची तीस-चाळीस वर्षं मराठी मुलांनी खिडकीच्या जागेसाठी भांडणं केली, कारण खिडकीत काहीतरी होतं. मैलाचे दगड मोजायचे, प्रत्येक स्टँडवर वडेवाला आणि पेरूवाली, घाटात वळण आलं की सगळ्यांनी एका बाजूला कलायचं. रात्रीच्या कोकण गाडीत भेंड्या लागल्या की अनोळखी माणसंही अक्षर सुचवत. भेंड्या आधी श्लोकांच्या होत्या, मग कवितांच्या, मग सिनेमातल्या गाण्यांच्या. खेळ तोच, साठा बदलला. नाव-गाव-फळ-फूल, कोडी, उखाणे हे सगळं एसटीच्या वेगाला मानवणारं होतं. ताशी चाळीस किलोमीटरला गावाची पाटी वाचता येते.

मग १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि खेड, चिपळूण, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा इथली घरं आखाताला जोडली गेली. आधीही ती दर्यावर्दी घरंच होती. मुंबई-बसरा बोटींवर कोकणी खलाशी जुनेच. कोकणी मुसलमान कुटुंबं आधी, मागाहून पुण्या-मुंबईचे, विदर्भातले इंजिनिअर. खफजीत जपानी कंपनी होती. तारो यामाशिता यांच्या अरेबियन ऑइल कंपनीला १९६० च्या जानेवारीत इथल्या समुद्रात तेल लागलं होतं, आणि २००० मध्ये तिचा सौदी हिश्शाचा करार संपला. आता तिथं दोन्ही देशांचा जोडकारभार चालतो.

या कुटुंबांना पहिल्यांदा असा रस्ता भेटला ज्याला वळण नव्हतं. गाडी थंडगार, काचा बंद, ताशी एकशेवीस, आणि मधे गाव म्हणावं असं फारसं काही नाही. पेट्रोल पंप, त्याला लागून मशीद, बकाला म्हणजे किराणा दुकान, चहा, पुन्हा रस्ता. वेग वाढला तशी खिडकी रिकामी झाली. ती भरायला प्रथम कॅसेट आली, आणि तिच्याबद्दल आमचं मत बरं आहे. एक टेप, एक आवाज, सगळ्या गाडीनं ऐकायचा. गावाहून आजीनं पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट अशा किती गाड्यांत वाजली असेल. थोरल्याला बालगीतांचा कंटाळा आला तरी धाकट्यासाठी ऐकावी लागत, बाबांच्या नाट्यगीतांवर सगळ्यांनी मिळून नाकं मुरडायची. फूट पाडली ती वॉकमननं, १९७९ मध्ये. त्यानंतरचं सगळं, हातातले गेम, सीटच्या पाठीला लटकणारे डीव्हीडी, टॅब, मोबाइल, हे त्याच फुटीचं विस्तारीकरण आहे. प्रत्येकाच्या कानात वेगळं, आणि गाडीत कोणीच कोणाचं ऐकत नाही.

एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. गाडीत मुलांना रमवण्याचं काम कोणाचं होतं? २४ जून २०१८ पर्यंत सौदीत बायकांना गाडी चालवता येत नव्हती. म्हणजे चारशे, आठशे, मक्केपर्यंत हजाराहून कितीतरी जास्त किलोमीटर बाबा समोर बघत बसणार, आणि आई सीटबेल्टमध्ये मान वळवून वळवून मागच्यांना गोष्टी सांगणार, सफरचंद कापून देणार, उलटीची पिशवी धरणार. तिनं कधीतरी मोबाइल पुढे केला तर त्याला आळस म्हणण्याचा हक्क निदान ड्रायव्हरला नाही. आजी, मावशी, शेजारच्या सीटवरचे अनोळखी काका अशा चार माणसांत वाटलेलं काम एकटीवर आलं, आणि मग ते यंत्राकडे गेलं. पडद्याला शिव्या देणारे लेख हा हिशेब करत नाहीत. उलटीचं म्हणाल तर डोळे स्थिर चित्रावर आणि कान सांगतोय की आपण हलतोय, या भांडणातून गाडी लागते. दोन ते बारा वयाच्या मुलांना जास्तच. ते पुस्तकानंही होतं. त्यामुळे "मोबाइल नको, पुस्तक दे" हाही उपाय नव्हे. नजर बाहेर, लांब, क्षितिजाकडे ठेवणं हेच पोटाला बरं.

आणि बाहेर काय आहे?

पहिली गोष्ट, समोरच्या गाडीची नंबरप्लेट. तीन अक्षरं, जास्तीत जास्त चार आकडे, दोन्ही एकदा अरबीत आणि एकदा रोमनमध्ये. म्हणजे रस्त्यावर धावणारं अंकलिपीचं पुस्तकच. अठ्ठावीसपैकी सतराच अरबी अक्षरं प्लेटवर येतात, आणि जोड्याही मजेशीर आहेत. ऐनसाठी ई, सादसाठी एक्स, मीमसाठी चक्क झेड. आकड्यांत तर मराठी पोराला घरचं काहीतरी सापडतं. अरबी पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा गोल, आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. सात उलटा केला की आठ. हे आकडे आपल्याकडून बगदादला गेले, नवव्या शतकात अल ख्वारिज्मीनं त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तिथून ते युरोपला पोचले. हे सांगायला नंबरप्लेटइतकी चांगली जागा नाही. आधी बाबांनी न बघता वाचायचं, मग धाकटीनं चूक काढायची. चूक निघाली की ती दम्मामपर्यंत खूश. उंटाच्या डागण्या वाचणाऱ्या पोरांचाच हा खेळ, नव्या जनावरांवर.

मग सफानिया. १९५१ मध्ये इथल्या समुद्रात सापडलेलं तेलक्षेत्र समुद्रातल्या तेलक्षेत्रांत जगात सर्वांत मोठं. या पट्ट्यात रात्रीचं निघालं तर जळत्या वायूच्या ज्योती लांबून दिसतात, आणि त्या का जळतात हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुरतो. वाटेत पांढरट, मीठ फुटलेली सपाट जमीन लागते, तिला सबखा म्हणतात. तिच्यावर गाडी घातली तर रुतते. हिवाळ्यात पाऊस नीट झाला असेल तर वाळूखाली फगा येतो, वाळवंटातली अळंबीच म्हणा, आणि रस्त्याकडेला तो विकायला बसलेली माणसं दिसतात.

आणि इतिहास. आखाती युद्धात, २९ जानेवारी १९९१ च्या रात्री, इराकी फौजा खफजीत शिरल्या. गाव आधीच रिकामं केलेलं होतं. सौदी आणि कतारी तुकड्यांनी अमेरिकेच्या मदतीनं १ फेब्रुवारीपर्यंत ते परत घेतलं. त्याच युद्धात समुद्रात सोडलेलं तेल या किनाऱ्यानं दक्षिणेकडे वाहत गेलं आणि जुबैलजवळच्या अबू अली बेटाशी बऱ्याच अंशी अडलं. त्याआधी पाच महिने, १९९० च्या ऑगस्टमध्ये, इराकनं कुवेतचा ताबा घेतल्यावर, तिथले भारतीय बायकापोरांसह बसमधून बसरा, बगदाद करत अम्मानला निघाले होते. १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात एअर इंडियाच्या विमानांच्या ४८८ फेऱ्या झाल्या, आणि एकूण एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसं मायदेशी आली. त्यांत कोकणातली, मुंबईतली घरं होती. आजच्या मागच्या सीटवरच्या पोरांचे काही आजोबा त्या बसमध्ये असतील. त्यांना फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. स्क्रीन लागेल, पण ती खिशात ठेवता येते.

हा प्रश्न आता खफजीपुरता उरलेला नाही. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूंनी कुंपण, टपरी नाही, स्टँड नाही, गावाची ओळख म्हणजे बाहेर पडण्याच्या फाट्याची पाटी. आखातातल्या मराठी आईला चाळीस वर्षांपूर्वी जी रिकामी खिडकी मिळाली, ती आता वर्ध्याच्या आईला मिळाली आहे. इथंही "बाहेर काहीच नाही" हे वाक्य ऐकू येऊ लागलं आहे, आणि इथंही ते खोटं आहे. नागपूरजवळ दख्खनचा काळा दगड संपतो. मुंबईहून जाणाऱ्या मुलाला तो कुठे संपतो हे शोधायला सांगता येईल. मेहकरच्या बाजूला लोणारचं विवर आहे. गोदावरी ओलांडली ती कोणत्या मिनिटाला, हे गाडीतल्या किती मोठ्यांना कळतं?

एक अट पाळावी. मुलाला एकामागून एक माहिती पाजत बसलात तर ते मोबाइलच मागेल, आणि बरोबर करेल. थोडा कंटाळा येऊ द्यावा. कंटाळलेलं पोर काचेवर बोटानं चित्र काढतं, उंट मोजतं, बहिणीला चिमटा काढतं. चिमट्याचंही भय नको. नवव्या तासाला, सगळे दमल्यावर, एखादा सिनेमा लावलात तर आमची हरकत नाही, फक्त तो हेडफोन काढून सगळ्यांनी ऐकावा.

जुन्या यात्रेकरूंकडे याची तजवीज होती. प्रत्येक क्षेत्राचं माहात्म्य असे. कुंड कोणी बांधलं, इथं कोण तरलं, पुढच्या मुक्कामी काय पाहायचं, हे सांगणारा कोणीतरी प्रत्येक वाटेवर भेटे. त्यातला चमत्कार सोडा, पण ती वाटेची वही होती. आखातातली मराठी मंडळं गणपतीला किंवा दिवाळीला स्मरणिका काढतात. अध्यक्षांचं मनोगत, पाककृती, मुलांची चित्रं, आणि बरीच पानं जाहिराती. त्यात दोन पानं खफजी-दम्माम रस्त्याची घालावीत. लांब पट्टीसारखा नकाशा, किलोमीटरचे आकडे, प्रत्येक दहाव्या किलोमीटरला एक ओळ: इथं सबखा सुरू, इथून सफानिया, इथं अबू हद्रिया, इथं १९५० सालच्या नकाशावर काय होतं, इथं डावीकडे बघा. पुढच्या वर्षी बहारीनच्या १९८६ च्या पुलाचे पंचवीस किलोमीटर. समृद्धीसाठी रस्ते विकास महामंडळानं हेच टोलनाक्यावर फुकट वाटावं. मंडळाचा खर्च म्हणाल तर मागच्या कव्हराच्या आतली एक जाहिरात कमी घ्यावी लागेल. ती ट्रॅव्हल एजन्सीची असेल, तर तिनंच पैसे द्यावेत.