अंक विकत घेतला, की भाड्याने?

कागद की पडदा, हा आपल्या मंडळींचा आवडता वाद मला तरी निरर्थक वाटतो. छंदाचं मासिक हे कामाचं हत्यार. विणीचा नमुना किंवा टपाल तिकिटाची दातेरी कड टॅबलेटवर हवी तेवढी मोठी करून बघता येते. अंक निघाला त्याच दिवशी परदेशातल्या स्वयंपाकघरात पोचतो. साठीनंतरच्या डोळ्यांना तर पडदाच बरा. पिठाचे हात त्याला लागतात, पण तसे ते कागदालाही लागायचेच.

माझी तक्रार वेगळी आहे. नागपूरच्या धरमपेठेतून ‘उद्यम’ मासिक निघायचं, मराठीत आणि हिंदीतही. बागवानी, घरगुती उद्योगधंदे, विज्ञान, आरोग्य असा त्याचा संसार. त्याचे काही जुने अंक आज स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत, ते कुणीतरी कागद जपून ठेवला म्हणूनच. शिवाय मासिकाचा प्रवास वर्गणीदाराच्या घरी कधी संपत नसे. तिथून शेजारी, मग रद्दीवाला, मग सीताबर्डीवरच्या जुन्या पुस्तकांचा ढीग. व्हरायटी चौकातून मेन रोडने जाता जाता एखादं पोरगं तो अंक चिल्लर देऊन घ्यायचं आणि घरी जाऊन कलम बांधायला बसायचं. छंद लागतो तो बहुधा असा, दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूतून. ॲपमधला अंक रद्दीत जात नाही, म्हणून तो त्या पोरापर्यंतही जात नाही.

आणि तो आपल्याकडे तरी राहतो का? मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळलं, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तकं त्यांच्या यंत्रांवरून गेली. ॲमेझॉनने 2023 मध्ये किंडलवरच्या मासिकांच्या वर्गण्या बंद केल्या. आपण ‘खरेदी’चं बटण दाबतो आणि हाती येतो वाचायचा परवाना. घरमालक कधी कुलूप बदलेल, त्याचा नेम नाही.

हे टाळता येतं. बालभारतीने आपल्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक सगळ्यांना फुकट वाचायला खुले केले. खासगी मासिकांना असं फुकट वाटणं परवडणार नाही, हे कबूल. पण पैसे घ्या आणि फाइल द्या, कुलूप न लावता, एवढं मागणं काही जास्त नाही. ती फाइल युनिकोडमध्ये असावी. जुन्या फाँटांत जुळवलेली पीडीएफ दिसते देखणी, पण तिच्यात ‘संत्रा’ शोधायला जा, काही म्हणता काही सापडत नाही. कागदी अंकाला निदान अनुक्रमणिका तरी असायची.

दुसऱ्यांना सांगण्याआधी आपल्याच मंडळाच्या वार्षिक अंकापासून सुरुवात करू. पाककृती, बागकाम, फोटोग्राफी यांवर आपले सभासद दरवर्षी चांगलं लिहितात आणि ते सगळं एका लिंकमागे पडून राहतं. ती लिंक चालवणारा कार्यकर्ता गाव बदलतो, आणि संपलं. यंदाचा अंक युनिकोड फाइल म्हणून प्रत्येकाला द्यावा, पुढे पाठवायला मोकळीक द्यावी, आणि थोड्या छापील प्रती काढून त्यातल्या काही नागपूरच्या वाचनालयांकडे धाडाव्यात. लेखकांची परवानगी मात्र लेख मागवतानाच घ्यावी. अंक निघाल्यावर त्यांना गाठणं किती कठीण असतं, ते संपादक मंडळाला विचारा.