पोचपावती कुणी द्यायची?



'पोचपावती' हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. पोचल्याची पावती. ती कोण देतो? ज्याला वस्तू मिळाली तो. पाठवणारा देत नाही आणि आणून देणाराही देत नाही. रजिस्टर ए.डी.चं ते कार्ड आठवतंय ना? त्यावर सही घेणाऱ्याची असायची. ते कार्ड परत हातात पडलं की पाठवणारा निश्चिंत. शाळेत पत्रलेखन शिकवताना मी मुलांना हे दरवर्षी सांगत असे.

आता हे सगळं उलटं झालंय. पार्सल आणणारा स्वतःच पोचपावती देऊन मोकळा होतो. मोबाईलवर हिरवी खूण उमटते, 'डिलिव्हर्ड', आणि इकडे माझे हात रिकामे! कंपनीला विचारावं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दाखवतंय." म्हणजे माझ्या दारात काय आलं हे माझ्यापेक्षा सिस्टीमला जास्त ठाऊक. माझं म्हणणं एवढंच आहे की घोटाळ्याचं मूळ या एका शब्दात आहे. वस्तू पोचली की नाही हे सांगण्याचा हक्क घेणाऱ्याचा आहे, आणि तो त्याला परत मिळाला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, बाईंना एवढं काय झालं? सांगते.

घरच्यांना माहीत आहेच, पण नवीन वाचकांसाठी सांगते की निवृत्तीनंतर मला इलेक्ट्रॉनिक्सचं वेड लागलं. मी बी.ए. झाले ते मराठी माध्यमातून, आयुष्यभर शिकवली भाषा आणि इतिहास. ओहमचा नियम शिकले तो साठीनंतर! नातू शिकायला बाहेर पडला तेव्हा त्याचा एक खोका मागे राहिला होता. त्यात ब्रेडबोर्ड, एलईडी, रेझिस्टर, एक आर्डुइनो. टाकून देण्याआधी बघू तरी म्हणून उघडला, तो आजतागायत बंद झालेला नाही. आता दर रविवारी आळीतली चार-पाच मुलं माझ्याकडे जमतात. सध्या आमचं काम चाललंय ते खिडकीत लावायच्या धूळमापकाचं. माहुलमध्ये राहणाऱ्याला हवेबद्दल कुतूहल का असावं हे वेगळं सांगायला नको. 1954-55 मध्ये इथल्या रिफायनऱ्या सुरू झाल्या, तेव्हापासून वाऱ्याचा वास हा आमच्या रोजच्या बोलण्याचा विषय आहे. आमचं यंत्र काही प्रयोगशाळेतलं नाही, पण सकाळ-संध्याकाळचा फरक मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी आकड्यांत दिसला तर तेही शिक्षणच की.

तर या धूळमापकाचा सेन्सर मागवला. ठरलेल्या दिवशी 'डिलिव्हर्ड' आलं. सोबत पुरावा म्हणून फोटो, एका निळ्या दाराचा. आमच्या घराला निळं दार नाही, शेजाऱ्यांच्याही नाही. तक्रार केली, आठवड्याने पैसे परत आले आणि कंपनीच्या दृष्टीने विषय मिटला. पुन्हा मागवला. या वेळी तो एका वाण्याच्या दुकानात 'ठेवला' होता म्हणे, आणि वाण्याने तो कुणाला तरी देऊन टाकला होता!

त्यानंतरचा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी दोन लिथियमचे सेल मागवले होते. ते गेले भलत्याच इमारतीत. चार दिवसांनी एका ओळखीच्या बाईमुळे पत्ता लागला, म्हणून मी गेले. तर त्या घरातला चार-पाच वर्षांचा मुलगा ते सेल खेळण्यातल्या गाडीसारखे फरशीवर घरंगळवत होता. शेजारी किल्ल्यांचा जुडगा पडलेला. सेलची दोन टोकं धातूने जोडली गेली तर तो क्षणात तापतो, कधी पेटही घेतो. मी काही न बोलता आधी सेल उचलले, मग त्या माउलीला समजावून सांगितलं. तिचा काय दोष? दारात कुणीतरी पाकीट ठेवून गेलं, तिने ते आत घेतलं.

इलेक्ट्रॉनिक्सचं पार्सल चुकणं आणि साडीचं पार्सल चुकणं यात म्हणूनच फरक आहे. साडी भलत्या घरी गेली तरी ती साडीच असते, तिथे कुणीतरी ती ओळखतं आणि जपून तरी ठेवतं. आमचा आयसी भलत्या घरी गेला की तो कचरा होतो. मुंगळ्यासारखी दिसणारी ती काळी वस्तू कोण ओळखणार? स्थिर विजेपासून वाचवणारी ती चंदेरी पिशवी फोडून चारजणांनी हाताळली की परत मिळूनही तिची खात्री उरत नाही.

आणि पैसे परत मिळाले म्हणजे वस्तू मिळाली असं होत नाही. माझ्या यंत्रात पन्नास वस्तू असतील आणि त्यातली पाच रुपयांची एक नसेल, तर उरलेल्या एकोणपन्नास नुसत्या बसून राहतात. मुलंही बसून राहतात. पहिल्या रविवारी विचारतात, "बाई, आलं का?" दुसऱ्या रविवारी विचारतात. तिसऱ्या रविवारी दोघे क्रिकेटला गेलेले असतात. मुलांची उत्सुकता दुधासारखी असते हो, वेळेवर विरजण पडलं नाही तर नासते. त्या नासलेल्या उत्सुकतेची भरपाई कुठल्या रिफंडमध्ये येते?

"मग लॅमिंग्टन रोडला जाऊन का आणत नाही?" असं एका भाच्याने विचारलं. अरे बाबा, जात होते की! बसने चेंबूर, पुढे लोकल बदलत ग्रँट रोड, आणि मग भडकमकर मार्गावरच्या त्या दुकानांतून उभ्याने हिंडणं. पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना ते आता झेपत नाही. घरपोच सेवा खरी कुणासाठी असेल तर ती माझ्यासारख्यांसाठीच.

आता पत्त्याकडे वळू. यात आपल्या मराठी माणसाचा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. आपला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, आणि तो तयार करणारे होते श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल-तार खात्यातले मोठे अधिकारी, आणि त्याबरोबर संस्कृतचे कवी आणि नाटककार! एकाच नावाची ढीगभर गावं, निरनिराळ्या भाषा आणि लिप्या, न वाचता येणारं अक्षर, यामुळे टपाल भलतीकडे जायचं. त्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. आमचंच बघा ना. आम्ही माहुल. साताऱ्याला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली, आसनगावजवळ माहुली किल्ला, नांदेड जिल्ह्यात माहूर. इंग्रजीत घाईघाईने लिहिलं की सगळी भावंडं सारखीच दिसतात. पण 400 म्हटलं की मुंबई, आणि पुढचे तीन आकडे म्हणजे वाटप करणारी कचेरी. प्रश्न मिटला.

मिटला, पण कचेरीपर्यंतच. कचेरीपासून दारापर्यंतचं शेवटचं अंतर कुठल्याच आकड्यात नव्हतं, ते पोस्टमनच्या डोक्यात होतं. त्याचा 'बीट' ठरलेला असे, वर्षानुवर्षं तोच रस्ता. कोणाचं आडनाव बदललं, कोण मुलीकडे राहायला गेलं, कोणाला मनीऑर्डर येते, सगळं त्याला ठाऊक. व्ही.पी.ने पुस्तक मागवलं तर ते हातात पडल्यावरच पैसे द्यायचे. म्हणजे तीही एक पोचपावतीच झाली. आजचा पार्सल आणणारा मुलगा काल दुसऱ्या भागात होता, उद्या तिसऱ्या भागात असेल. त्याच्या डोक्यात माहुल नाही, हातातल्या नकाशावर एक लाल ठिपका आहे.

आणि आमच्याकडे तो ठिपका कुठे पडतो? बऱ्याचदा वसाहतीत. माहुल म्हणजे एक नाही, अनेक आहेत. जुनं गाव आणि कोळीवाडा आहे, आंबापाडा आहे, चेंबूरकडे जाणारा लांबलचक माहुल रोड आहे, आणि प्रकल्पग्रस्तांची वसाहत आहे. ही वसाहत म्हणजे 72 सातमजली इमारती आणि 17 हजारांहून जास्त घरं, सगळी एका साच्यातून काढलेली. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडल्यावर 2017 पासून हजारो कुटुंबांना इथे आणलं. हवा आणि सोयींवरून त्या लोकांनी मोठा लढा दिला. सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथे राहायला तयार नसलेल्यांना दुसरीकडे जागा, नाहीतर महिना 15 हजार रुपये भाडं द्यायला सांगितलं. अनेक कुटुंबं गेली. मागे राहिली बंद दारं, आणि एकसारखे जिने. इथे इमारतीचा एक आकडा चुकला की पार्सल कुठल्यातरी कुलपासमोर जाऊन बसतं. फोटोत दार दिसतं, 'डिलिव्हर्ड' होतं, आणि ते दार आतून उघडणारं कुणी नसतं.

मे 2025 मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने सगळा देश सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत मांडला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत दिला. माझ्यासारख्या गावठाणातल्या बैठ्या घराला हे वरदान आहे, कारण आमच्या पत्त्यात आजही 'देवळामागे' आणि 'नळाजवळ' असतं. पण सात मजल्यांना त्याचा अर्धाच उपयोग. एकावर एक बांधलेल्या सात घरांना एकच चौकोन! मजला आणि दार माणसालाच वाचावं लागणार.

आणि त्या माणसाला वाचायला वेळ द्यावा लागणार. मी त्या पोरांवर कधी चिडत नाही. त्यातली काही आमच्याच शाळांतून शिकलेली असतात, "बाई, तुम्ही होय!" म्हणून पाया पडतात. दर पार्सलमागे मोजके रुपये, पाठीवर हे भलंमोठं ओझं, संध्याकाळपर्यंत संपवायचा आकडा. अशा वेळी 'दिलं' असं बटण दाबणं त्याच्या पोटाच्या सोयीचं असतं, आणि ते बटण त्याच्या हातात देतं कोण? कंपनीच ना! चूक मुलाची धरायची आणि नियम मात्र तसाच ठेवायचा, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. 1898 च्या टपाल कायद्यात चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या टपालाबद्दल सरकार सहसा जबाबदार नव्हतं. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही ते कवच बरंचसं राखलंय. ऑनलाइन दुकानांना मात्र ते कवच नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा लागतो. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, मंडळी. गंमत बघा, तक्रारीची पोच कधी द्यायची हे नियमाने ठरलंय, वस्तूची पोच कोणी द्यायची हे मात्र कंपनीच्या मर्जीवर!

रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. वाईट वाटलं. पण त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाला पाच रुपये आणि वर जीएसटी भरून ओटीपी दाखवल्यावरच वाटप, अशी सोय मिळाली. ही खरी आजची पोचपावती. खाजगी कंपन्याही ओटीपी घेतात, पण बहुधा महागड्या फोनसाठी. आमच्या चारशे रुपयांच्या बोर्डाला तो मान नाही. का नाही? वस्तूची किंमत बिलावरून ठरते की वाट बघणाऱ्यावरून?

म्हणून माझं मागणं साधं आहे. घेणाऱ्याने ओटीपी दिल्याशिवाय किंवा सही केल्याशिवाय 'डिलिव्हर्ड' म्हणायचं नाही, मग पार्सल पाच रुपयांचं असो की पाच हजारांचं. "मला मिळालं नाही" असं घेणाऱ्याने कळवलं की ती हिरवी खूण त्याच क्षणी उतरली पाहिजे, आणि शोधायचं काम कंपनीचं, माझं नाही. लिथियमचे सेल कुणाच्या दाराशी किंवा दुकानात ठेवायचेच नाहीत. आणि एका भागात शक्यतो तोच मुलगा द्यावा. बीट ही जुनी कल्पना काही मूर्खपणाची नव्हती.

आपल्याकडूनही एक करायचं. "आजी, ओटीपी सांगा, खाली ठेवून जातो" असं कुणी फोनवर म्हणालं तर गोड शब्दांत नाही म्हणायचं. वस्तू हातात, मग आकडे. हे मी घरातल्या सगळ्या ज्येष्ठांना विशेष करून सांगतेय, नणंदबाई, तुम्हालाही! फसवणाऱ्यांचे फोनही नेमके याच भाषेत येतात.

असो. फार लांबलं. धूळमापकाचा सेन्सर तिसऱ्यांदा मागवलाय आणि मुलांपैकी तिघं अजून टिकून आहेत. तुमच्याकडे, विशेषतः परदेशात असलेल्यांकडे, पार्सल पोचल्याचं कोण ठरवतं ते जरूर कळवा. आणि हे वाचलंत तर दोन ओळी लिहा. माझ्या लेखाची पोचपावती तरी तुम्हीच द्यायची आहे.