डिझेलचाही वारसा असतो

इंदूरला मावशीकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पाताळपाणी ते कालाकुंड या हेरिटेज गाडीने जायचे ठरवले, तर काका म्हणाले, "अरे, डिझेलचं इंजिन आहे तिला. त्यात काय बघायचंय? कोळशाचं असतं तर गोष्ट निराळी!"

काकांचे हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. आपल्याकडे आगगाडीचा वारसा म्हणजे धूर, शिटी आणि कोळसा. वाफेच्या इंजिनाला स्टेशनसमोर चौथरा मिळतो, रंग मिळतो, हार मिळतो. डिझेल इंजिन मात्र लिलावात भंगाराच्या भावाने जाते. काकांचा मान राखूनही मला म्हणावेसे वाटते, की हा अन्याय आहे.

पाताळपाणीचा हा लोहमार्ग इंदूरच्या मराठी माणसाने तरी विसरू नये. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकात खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्यातून हा मार्ग झाला. घाटातला हा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा मीटर गेजचा तुकडा. त्यावर २५ डिसेंबर २०१८ रोजी हेरिटेज गाडी सुरू झाली. तिला ओढते वायडीएम-४ जातीचे डिझेल इंजिन.

हे इंजिन मूळ अमेरिकेच्या अल्को कंपनीचे. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते भारतात आले आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात ते आपणच बांधू लागलो. ताकद सुमारे १४०० अश्वशक्ती. आत डिझेलवर जनित्र फिरते, त्याची वीज चाकांच्या सहा आसांवरच्या मोटरींना मिळते आणि गाडी चालते. म्हणजे वरून डिझेल, आतून विजेचेच इंजिन! परतीच्या चढावर त्याचा तो खोल, धापा टाकणारा आवाज डब्याच्या लाकडी खिडकीतून ऐकला, की 'डिझेलात काय बघायचं' हा प्रश्न पडत नाही. कितीतरी वर्षे देशभरच्या मीटर गेजवर धान्य, सैनिक, वऱ्हाडी आणि परीक्षेला निघालेली पोरे याच जातीच्या इंजिनांनी ओढली. जागतिक वारसा ठरलेल्या निलगिरीच्या मार्गावरही कुन्नूर ते उटी गाडी हेच नेते. पोस्टरवर चित्र तेवढे वाफेच्या इंजिनाचे असते.

वाफेचे इंजिन आपल्याला आवडते, कारण ते आजोबांचे आहे. डिझेलचे इंजिन आपल्या बापाचे, आपले स्वतःचे. जे आपण स्वतः पाहिले ते जुने झाले, हे मान्य करायला माणसाला जड जाते. आणि नेमक्या त्याच काळात ती वस्तू नाहीशी होते.

आमच्या गोव्यात हेच घडले. मुरगाव बंदरातून दूधसागर चढून कॅसलरॉकला जाणारी पोर्तुगीज काळातली रेल्वे १८८८ साली पूर्ण झाली. कुळे ते कॅसलरॉक हा सव्वीस किलोमीटरांचा घाट, चढ सदतिसास एक. मुंबईहून येणारा आमच्या पिढीचा गोंयकार मिरजेला सामानसुमान घेऊन गाडी बदलायचा आणि मीटर गेजने पहाटे दूधसागर बघायचा. १९९०च्या दशकात रूळ रुंद झाले. ते व्हायलाच हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या छोट्या गाडीचे एखादे इंजिन, दोन डबे, अर्धा मैल रूळ राखावा, असे तेव्हा किती जणांना वाटले? मलाही वाटले नव्हते, हे कबूल करतो. आता २०२२ साली कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे झाले आहे. म्हणजे डिझेलची आठवणही लवकरच 'पूर्वी' या सदरात जाणार.

तरीही पाताळपाणीहून परतताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. महू ते ओंकारेश्वर रोड ही रोजची मीटर गेज पॅसेंजर २०२३ साली रूंदीकरणासाठी बंद झाली. घाटातल्या गावकऱ्यांची ती गाडी गेली, पर्यटकांची राहिली. आम्ही काचेच्या मोठ्या खिडकीतून फोटो काढत होतो आणि रुळाशेजारी डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई गाडी जाईपर्यंत थांबली होती. वारसा जपायचा तो कोणासाठी? ज्यांनी ती गाडी वापरली, त्यांनाच तिच्यात जागा नसेल तर उरते ती फक्त सहल. चार-दोन जागा गावकऱ्यांसाठी साध्या तिकिटात ठेवल्या, तर रेल्वेचे काही बुडणार नाही, आणि गाडी खरी ठरेल.

दुसरे म्हणजे, चालते इंजिन राखायचे तर ते ओळखणारे हात राखावे लागतात. आवाजावरून बिघाड सांगणारे फिटर, घाटात ब्रेक कधी लावायचा हे अंगात मुरलेले ड्रायव्हर निवृत्त होत आहेत. गोव्यात इंजिन राहिले नाही, पण वास्को, कुळे, सावर्डे या भागांत त्या काळचे रेल्वेतले म्हातारे अजून आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसावे, आठवणी लिहून घ्याव्यात. चौथऱ्यावर ठेवायला काही नसले, तरी वहीत ठेवायला पुष्कळ आहे.

घरी आल्यावर काकांनी विचारले, "कसं वाटलं?" मी कालाकुंडचा कलाकंद पुढे केला. तो खाता खाता काकाच सांगू लागले, महूहून खंडव्याला कॉलेजच्या दिवसांत केलेल्या प्रवासाबद्दल... इंजिन कोणते होते? डिझेलचेच!